नुसता १८२ चा आकडा छापू नका

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात तुमच्या पेपरच्या अर्थविषयक पानावर एक छोटी चौकट आली होती. वर्षातले १८२ दिवस भारताबाहेर काढले की तुम्ही एनआरआय, मग बाहेरच्या कमाईवर इथे टॅक्स नाही, अशा अर्थाची. आईने ती कापून माझ्यासाठी ठेवली होती. ती वाचली आणि राहवेना म्हणून लिहायला बसले, कारण हाच एक आकडा डोक्यात धरून मी दोन वर्षं चुकीची चालले आणि त्याचे पैसे भरलेत. आमच्या नौपाड्यात, तिकडे घोडबंदरला, खाडीपलीकडे ऐरोली खारघरला, माझ्यासारखी फ्रीलान्स काम करणारी, चार महिने इथे चार महिने तिथे असणारी मुलंमुली आता प्रत्येक बिल्डिंगमध्ये एखाददुसरी तरी आहेत, त्यांच्या घरी हा पेपर येतो आणि त्यांचे आईवडील अशाच चौकटी कापून ठेवतात.

आधी त्या वाक्यातली साधी चूक सांगते. कायदा बाहेरचे दिवस मोजत नाही, भारतातले मोजतो. एप्रिल ते मार्च या वर्षात भारतात १८२ किंवा जास्त दिवस राहिलात की तुम्ही रहिवासी. म्हणजे तुमच्या चौकटीप्रमाणे कोणी बरोबर १८२ दिवस बाहेर राहिला तर उरले १८३ दिवस इथे, म्हणजे तो सरळ रहिवासीच झाला. ३६५ दिवसांच्या वर्षात बाहेर निदान १८४ दिवस पाहिजेत. पण हे झालं किरकोळ, खरी अडचण पुढे आहे, ती अशी की १८२ हा एकमेव आकडाच नाही.

माझं काम टेक्निकल इलस्ट्रेशनचं. मशीनबरोबर जी मॅन्युअलं येतात, कुठला स्क्रू कुठे बसवायचा, झाकण कसं काढायचं, ती रेघांची चित्रं मी काढते. २०१४ पासून नौपाड्यातल्या घरूनच सुरुवात केली, मग हळूहळू जर्मनी आणि नेदरलँड्सचे क्लायंट मिळाले. २० ऑगस्ट २०२२ ला मी दुबईला गेले, आधी टुरिस्ट व्हिसावर, ऑक्टोबरमध्ये फ्रीलान्स परमिट झालं. त्यानंतर माझं असंच चालूय, थोडे महिने दुबई, क्लायंटच्या मीटिंगांसाठी युरोप, जॉर्जियात टिबिलिसीला मैत्रिणीकडे राहून काम, आणि आईकडे ठाण्याला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये जर्मन क्लायंटच्या अकाउंट्स विभागातून मेल आला. तुम्ही टॅक्ससाठी कुठल्या देशाच्या रहिवासी आहात, तसं सर्टिफिकेट पाठवा. मी लगेच लिहून टाकलं, दुबई. दोन दिवसांनी उत्तर आलं की जर्मनी आणि अमिराती यांच्यातला टॅक्सचा करार ३१ डिसेंबर २०२१ ला संपलाय, त्यामुळे चित्रं वापरायच्या हक्काचे जे पैसे आम्ही देतो त्यातून १५ टक्के आणि त्यावर साडेपाच टक्के सरचार्ज, म्हणजे १५.८२५ टक्के कापावे लागतात, आम्ही कापतोय, मागच्या काही बिलांतूनही कापलेत. भारताच्या रहिवासी असाल तर भारत-जर्मनी करारात हाच दर १० टक्के आहे. मी म्हटलं, पण मी भारताची नाही, मी एनआरआय आहे, तसं रिटर्न भरलंय. मग सर्टिफिकेट दुबईचं काढावं म्हणून तिकडे चौकशी केली आणि तिथेही घोळ निघाला.

अमिरातीच्या स्वतःच्या नियमात रेसिडेन्स परमिट असलेला माणूस तिथे राहायला घर किंवा कामधंदा असेल तर ९० दिवसांवरही रहिवासी धरला जातो, मार्च २०२३ पासून तसं आहे. पण भारत-अमिराती करारात वेगळं लिहिलंय, कॅलेंडर वर्षात निदान १८३ दिवस तिथे प्रत्यक्ष असायला पाहिजे. मी २०२३ चा हिशोब मांडला, भारत ९६, जर्मनी नेदरलँड्स मिळून ५८, जॉर्जिया ४७, उरले १६४. म्हणजे भारताशी असलेल्या कराराच्या भाषेत मी दुबईचीही नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. भाडं दुबईत भरतेय, आई ठाण्यात, पैसे युरोपातून येताहेत, आणि कागदावर मी नक्की कुठली हे मलाच सांगता येत नव्हतं.

माझे आधीचे सीए, त्यांचं नाव नको, माणूस म्हणून चांगले आहेत, दरवर्षी फोनवर एकच विचारायचे, यंदा १८२ च्या आत आहात ना. मी हो म्हणायचे. ते म्हणायचे मग काळजी करू नका, नॉन-रेसिडेंट टाकतो. संपलं. एवढ्यावर दोन रिटर्न गेली. मी दुसऱ्या सीएंकडे गेले, गोखले रोडच्या मागे त्यांचं छोटंसं ऑफिस आहे, त्यांनी दिवस विचारलेच नाहीत आधी. त्यांनी तीन गोष्टी आणायला सांगितल्या, पासपोर्ट, सगळ्या बँकांची स्टेटमेंटं आणि मी आयुष्यात काढलेलं पहिलं बिल. पहिलं बिल कशाला हे मला तेव्हा कळलं नाही.

पासपोर्टपासून सुरुवात केली. दुबईला स्मार्ट गेटमधून गेलं की शिक्का लागतच नाही. युरोपातही ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांऐवजी डिजिटल नोंदीची पद्धत आणायला लागलेत. मुंबईचे शिक्के होते पण जून २०२३ चा येण्याचा शिक्का इतका पुसट की ९ आहे का १९ आहे तेच कळेना, आणि ते विमानाचं तिकीट मी ज्या मेलवरून काढलं होतं तो मेल केव्हाच बंद झालेला. शेवटी आईची दिनदर्शिका कामाला आली. स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी लटकलेली असते, तिच्यावर आई रोजच्या चौकटीत दुधाचा हिशोब लिहिते. एकटी असली की अर्धा लिटर, त्यासाठी ती नुसतं "अ" लिहिते, मी घरी असले की एक लिटर, त्यासाठी "१". जुन्या दिनदर्शिका ती टाकत नाही, त्यांच्या मागच्या बाजूला कपाटाचे कप्पे झाकते. आम्ही दोघींनी २०२३ ची कपाटातून ओढून काढली. १० जूनपासून सरळ "१" सुरू, ११ सप्टेंबरपर्यंत, १२ ला परत "अ". म्हणजे १९ नाही, ९ च. मी ९ जूनला रात्री पावणेअकराला उतरले होते, त्यामुळे त्या दिवशीचं दूध जुनंच.

आता बघा, दुधाने ९४ दिवस दाखवले, पण कायद्याच्या मोजणीत ९६ होतात. कारण ९ जूनला मी रात्री एक-सव्वा तासच भारतात होते तरी तो दिवस धरला जाऊ शकतो, आणि जाताना ११ सप्टेंबरला रात्री साडेनऊला घर सोडलं पण इमिग्रेशनचा शिक्का लागला तेव्हा साडेबारा होऊन गेले होते, तारीख पडली १२. येण्याचा दिवस धरायचा की नाही यावर एकमत नाही, १९९० च्या दशकात अॅडव्हान्स रुलिंगवाल्यांनी (टॅक्सच्या प्रश्नावर आधीच निर्णय देणारं सरकारी प्राधिकरण) येण्याचा आणि जाण्याचा दोन्ही दिवस धरायचे म्हटलं, नंतर इन्कम टॅक्स ट्रिब्युनलच्या काही निकालांत येण्याचा दिवस सोडला. सीए म्हणाले, हिशोब कडेला येत असेल तर दोन्ही धरूनच चाला, भांडायची वेळच येऊ देऊ नका. दुसरी खेप २० जानेवारी ते २८ फेब्रुवारी २०२४, आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी, ४० दिवस. एकूण १३६. येण्याचे दिवस सोडले तरी १३४. मला वाटलं, मग काय, १८२ च्या चांगले ४५ दिवस खाली आहोत.

इथे त्यांनी मला पूर्ण नियम समजावला आणि तो मी जसा समजला तसा लिहिते, कारण हा कुठल्याही चौकटीत मी मराठीत वाचलेला नाही.

इन्कम टॅक्स कायद्याच्या मूळ कलम ६ मध्ये दोन कसोट्या आहेत. एक १८२ ची. दुसरी अशी की वर्षात ६० दिवस इथे आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस इथे, तरीही तुम्ही रहिवासी. आयुष्यभर ठाण्यात राहिलेल्या माणसाचे आधीच्या चार वर्षांत ३६५ दिवस कधीच भरलेले असतात, म्हणून खरी भीती ६० चीच. मग या ६० ला सूट आहे. भारतीय नागरिक नोकरीधंद्यासाठी देश सोडतो त्या वर्षी ६० चे १८२ होतात. आणि बाहेर राहणारा भारतीय भेटीसाठी येतो तेव्हाही ६० चे १८२ होतात, पण २०२० च्या फायनान्स अॅक्टपासून त्यात एक अट घातलीय, परदेशी स्रोतांचं सोडून बाकीचं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर १८२ नाही, १२० दिवस.

पहिल्या वर्षी, २०२२-२३ ला, मी १ एप्रिल ते २० ऑगस्ट इथे होते, १४२ दिवस. देश सोडण्याची सूट मिळाली तरच नॉन-रेसिडेंट. कायद्यात शब्द आहे "एम्प्लॉयमेंट", आणि मी काही नोकरीला गेले नव्हते. पण सीबीडीटीच्या, म्हणजे टॅक्स खात्याच्या केंद्रीय मंडळाच्या, १९८२ च्या परिपत्रकात स्वतःचा धंदा-व्यवसायही त्यात धरलाय आणि केरळ हायकोर्टानेही २०११ मध्ये तसाच निकाल दिलाय, त्यामुळे फ्रीलान्सर त्यात बसतो. मी टुरिस्ट व्हिसावर गेले ही दुबळी बाजू होती, कारण फिरायला जाणाऱ्याला ही सूट नाही. माझ्याकडे जायच्या आधीचे क्लायंटशी झालेले मेल होते, दुबईहून काम करणार असं लिहिलेले, परमिटच्या अर्जाची तारीख होती, म्हणून ते वर्ष निभावलं. ज्यांनी आता जायचं ठरवलंय त्यांना हात जोडून सांगते, कामासाठी चाललोय याचा लेखी पुरावा विमानात बसायच्या आधीचा असू द्या.

दुसरं वर्ष, २०२३-२४, ते वाईट. माझं ठाण्यातल्या एका खोलीचं भाडं आणि एफडीचं व्याज मिळून पावणेपाच लाख. बाकी १९ लाख सगळे बाहेरच्या क्लायंटचे. मी म्हटलं, पावणेपाच म्हणजे १५ च्या कितीतरी खाली, मग १२० चा प्रश्नच येत नाही. तेव्हा त्यांनी माझं ते पहिलं बिल समोर ठेवलं. मार्च २०१४ चं, एका पुण्याच्या कंपनीला काढलेलं, वर पत्ता नौपाड्याचा. मग शेजारी २०२४ चं बिल ठेवलं, जर्मन क्लायंटचं. वरचा पत्ता तोच. त्यावरचा जीएसटी नंबरही ठाण्याचाच. रंग भरायला कळव्याची एक मुलगी मला मदत करते, तिचे पैसे ठाण्याच्या अकाउंटमधून जातात.

ते म्हणाले, "ताई, परदेशी स्रोत म्हणजे परदेशातून आलेले पैसे नव्हेत. कायद्यात लिहिलंय, बाहेर मिळालेलं उत्पन्न, पण भारतातून चालवलेल्या धंद्याचं किंवा भारतात उभ्या केलेल्या व्यवसायाचं सोडून. तुमचा व्यवसाय कुठे उभा राहिला?"

मी गप्प बसले. माझा व्यवसाय या घरातल्या हॉलमध्ये, बाबांच्या जुन्या ड्रॉइंग बोर्डवर उभा राहिलाय, दुसरं काय सांगणार. म्हणजे ते १९ लाख परदेशी स्रोत धरले गेले नाहीत, १५ ची रेघ ओलांडली, १२० दिवस लागू झाले, मी १३६ दिवस इथे, आधीच्या चार वर्षांत ३६५ पेक्षा कितीतरी जास्त. रहिवासी. त्यातला जो मधला प्रकार असतो आरएनओआर, रहिवासी आहे पण सामान्यतः निवासी नाही, त्यात मी बसले. आरएनओआरला बाहेरच्या कमाईवर इथे टॅक्स नसतो म्हणून मला क्षणभर हायसं वाटलं, पण तिथेही तोच अपवाद, भारतात उभ्या केलेल्या व्यवसायाचं उत्पन्न असेल तर टॅक्स आहेच.

आणि याच्याही पुढचं, जे ऐकून मला खरंच घाम फुटला. मी म्हटलं बरं, पुढच्या वर्षी १२० च्या आत राहीन. तसं मी २०२४-२५ मध्ये राहिलेही, आईला बरं नसताना तिकीट पुढे ढकलून ११२ दिवसांवर थांबले, त्याचा मला आजही त्रास होतो. तर त्या वर्षी दिवसांचा काहीच उपयोग नव्हता. कलम ६ मध्येच २०२० पासून एक पोटकलम आहे, भारतीय नागरिक, परदेशी स्रोतांचं सोडून उत्पन्न १५ लाखांच्या वर, आणि दुसऱ्या कुठल्याही देशात राहण्यामुळे टॅक्सला पात्र नाही, तर तो एक दिवसही इथे आला नाही तरी रहिवासी मानायचा. दुबईत पगारावर किंवा माझ्यासारखीच्या कमाईवर व्यक्तिगत इन्कम टॅक्स नाही, म्हणून मी बरोबर त्यात बसते. आखातात नोकरी करणाऱ्यांनी घाबरू नये, हे नियम आले तेव्हा २ फेब्रुवारी २०२० ला सीबीडीटीने खुलासा केला होता की बाहेरची कमाई भारतीय धंद्यातून किंवा व्यवसायातून आलेली नसेल तर तिच्यावर इथे टॅक्स लागणार नाही. ज्याला तिकडची कंपनी पगार देते त्याच्या त्या पगाराला हे लागत नाही. अडकतो तो आमच्यासारखा, एकट्याने काम करणारा, लॅपटॉप घेऊन फिरणारा, ज्याचं काम इथे सुरू झालं आणि पत्ता बदलायचा राहून गेला.

अजून एक गोष्ट, जी आधीच्या सीएंनी कधी विचारलीच नाही. डच क्लायंट जुना, तो २०१७ पासून ठाण्याच्याच बँकेत पैसे टाकतो, मी दुबईला गेल्यावरही ते बदललं नाही, आईला गरज पडली तर तिथेच असावेत म्हणून. पण नॉन-रेसिडेंट माणसालाही भारतात मिळालेलं उत्पन्न इथे करपात्र असतं. बाहेरच्या अकाउंटला आधी जमा होऊन मग घरी पाठवले तर वेगळं, पैसा पहिल्यांदा हातात आला तो ठाण्यातच तर तो इथलाच. म्हणजे त्या डच बिलांवर मी कुठलीही असते तरी टॅक्स द्यायलाच पाहिजे होता, पहिल्या वर्षीसुद्धा.

शेवटी जून २०२५ मध्ये २०२३-२४ साठी अपडेटेड रिटर्न, म्हणजे मुदतीनंतर स्वतःहून दुरुस्त केलेलं रिटर्न, भरलं, टॅक्स, त्यावर व्याज, आणि दोन्ही मिळून जे होतं त्याच्या वर २५ टक्के जादा, कारण असेसमेंट इयर (कमाईच्या वर्षानंतरचं वर्ष) संपून १२ महिने व्हायच्या आत भरलं. आधीच्या वर्षाच्या डच बिलांचंही तसंच, तिथे मुदत उलटल्यामुळे दर जास्त पडला, २५ टक्के लागले असते ते ५० लागले. जर्मनीत कापलेल्यापैकी करारातल्या १० टक्क्यांपर्यंतची वजावट इथे फॉर्म ६७ भरून मागितली, वरचे ५.८२५ टक्के जर्मन टॅक्स खात्याकडून परत मागायचे आहेत, त्यासाठी भारताचं रेसिडेन्सी सर्टिफिकेट लागतं, ते आपल्या ऑफिसरकडे अर्ज देऊन मिळतं. तो अर्ज अजून चालू आहे. ज्या देशाची मी नाही म्हणून सांगत होते त्याच देशाच्या कागदामुळे माझे पैसे परत येणार आहेत.

हे सगळं इतकं सविस्तर लिहिलं कारण यातली एकही गोष्ट दिवस मोजून कळणारी नाही. आमच्या ओळखीतला एक मुलगा, खारघरचा, सॉफ्टवेअरचं फ्रीलान्स करतो, तीन महिने बाली, दोन महिने थायलंड, तीन महिने लंडनला बहिणीकडे, बाकी घरी. त्याचं म्हणणं, मी कुठेच १८० दिवस नसतो म्हणजे मी कुठलाच नाही. मी त्याला माझी फाइल दाखवली. थायलंड १८० दिवस जानेवारी ते डिसेंबर मोजतं, ब्रिटनचं वर्ष ६ एप्रिलला सुरू होतं आणि तिथे मध्यरात्री तुम्ही देशात होतात का ते बघतात, शिवाय घर, काम, जवळचं कुटुंब असे धागे जितके जास्त तितके चालणारे दिवस कमी. जॉर्जिया सलग कुठल्याही १२ महिन्यांतले १८३ बघतं. आणि आपलं एप्रिल ते मार्च. चार देश, चार कॅलेंडरं. कुठलाच नाही असं समजणाऱ्या भारतीय नागरिकासाठीच तर ते २०२० चं पोटकलम लिहिलंय. आणि एखाद्या वर्षी दोन देश एकदम आमचा आमचा म्हणायला लागले तर करारात पायऱ्या असतात, आधी कायमचं राहतं घर कुठे, ते दोन्हीकडे असेल तर माणसाचे घरचे आणि पैशाचे संबंध कुठे जास्त जवळचे, मग नेहमीचा वावर कुठे, मग नागरिकत्व, आणि तरीही सुटलं नाही तर दोन्ही सरकारं बसून ठरवणार. या पायऱ्यांवर माझ्यासारखीचं उत्तर नौपाडाच येतं, कारण कायमचं घर म्हणावं असं एकच आहे.

बँकेचं तेवढं चटकन सांगते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे होतो. एनआरई एनआरओ (बाहेर राहणाऱ्या भारतीयांची बँकखाती) अकाउंट असणं म्हणजे टॅक्ससाठी एनआरआय असणं नव्हे. बँक फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याने चालते, तिथे तुम्ही कशासाठी आणि किती काळासाठी गेलात हा हेतू बघतात, टॅक्सवाले वेगळ्या कलमाने. एकाच वर्षी माणूस बँकेच्या लेखी नॉन-रेसिडेंट आणि टॅक्सच्या लेखी रेसिडेंट असू शकतो, मी तशी होते.

आता संपादक महोदय, मला तुमच्याकडून दोन गोष्टी पाहिजेत. एक, त्या चौकटीची दुरुस्ती छापा, लहान का होईना पण त्याच पानावर, कारण ज्यांनी ती कापून ठेवलीय त्यांच्या नजरेला ती पडली पाहिजे. त्यात १८२ बरोबर १२० आणि ६० लिहा, आधीच्या चार वर्षांचे ३६५ लिहा, १५ लाख लिहा, आणि भारतात उभ्या केलेल्या व्यवसायाची कमाई परदेशी धरत नाहीत हे ठळक लिहा. नवा इन्कम टॅक्स कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून आहे, त्यात प्रीव्हियस इयर जाऊन टॅक्स इयर शब्द आलाय, पण रहिवासी ठरवायच्या या कसोट्या त्यातही त्याच ठेवल्यात, त्यामुळे नव्या कायद्यात जुनं सगळं गेलं असं जे लोक ग्रुपवर पाठवताहेत तेही खोडून काढा.

दुसरी गोष्ट तुमच्यामार्फत टॅक्स खात्याला. "भारतात उभा केलेला व्यवसाय" म्हणजे एकट्या फ्रीलान्सरच्या बाबतीत नक्की काय, हे एकदा परिपत्रकाने सांगा. डॉक्टरचा दवाखाना असतो, वकिलाचं ऑफिस असतं, त्याचा पत्ता बदलला की दिसतं. माझ्यासारखीचा व्यवसाय एका बॅगेत मावतो. मी ठाण्यात सुरू केला, दुबईहून चार वर्षं चालवला, जीएसटी नंबर बंद केला, कळव्याची मदतनीस सोडली, बिलावर दुबईचा पत्ता टाकला, तर तो कधीपासून तिथला झाला? मी तीन जणांना विचारलं, तिघांनी तीन उत्तरं दिली, आणि तिघंही अनुभवी आहेत. नोकरदाराला जसा २०२० मध्ये खुलासा मिळाला तसा आम्हालाही मिळाला पाहिजे. टॅक्स भरायला आमची ना नाही, किती आणि कुठे ते आधी कळलं पाहिजे, दोन वर्षांनी जर्मन क्लायंटच्या मेलमधून नाही.

तोवर मी एक वही केलीय, त्यात येण्याजाण्याची तारीख, इमिग्रेशनची वेळ आणि बोर्डिंग पास चिकटवते. आईही दुधाचा हिशोब लिहिते आहेच. यंदाच्या दिनदर्शिकेवर ती माझ्या येण्याच्या दिवशी "अ" खोडून "१" करते आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात विमान किती वाजता उतरलं ते लिहिते.

आपली,
एक वाचक
नौपाडा, ठाणे (प.)

(नाव आणि पत्ता सोबत दिला आहे, कृपया छापू नये.)